न्यूटन खड्डा सोडून माथ्यावर का गेला?

तुम्ही विचारलंत की न्यूटनची पद्धत (उतार शून्य होणाऱ्या जागेकडे पावलापावलानं जाणारी) तळाऐवजी माथ्यावर का थांबली. न्यूटनच्या कोडमध्ये चूक नाही. हिमेलब्लाऊचं फंक्शन, (क्ष² + य − ११)² + (क्ष + य² − ७)², त्यावर (०, ०) पासून न्यूटन चालवलात आणि तो (−०.२७, −०.९२) ला थांबला. तिथे किंमत १८१.६, मिनिममला (खड्ड्याच्या तळाला) मात्र शून्य हवी. पण न्यूटन मिनिमम शोधतच नाही, ग्रेडियंट (दोन्ही दिशांतले उतार) कुठे शून्य होतो एवढंच बघतो. पहिलं पाऊल हातानं काढा: ग्रेडियंट (−१४, −२२), हेसियनच्या (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या तक्त्याच्या) कर्णावर −४२ आणि −२६, बाकी शून्य. पाऊल पडतं (−०.३३, −०.८५) वर आणि किंमत १७० वरून १८१.५ ला चढते. फक्त मिनिमम हवा असेल तर प्रत्येक पावलाला किंमत उतरते का ते तपासणारी पद्धत घ्या.

सगळे स्थिर बिंदू (जिथे ग्रेडियंट शून्य) हवेत तर न्यूटनचा हाच स्वभाव उपयोगी पडतो. −५ ते ५ मध्ये अर्ध्या-अर्ध्या अंतरावरून सुरुवाती करा, ग्रेडियंट खरंच शून्याला टेकला का बघा, जवळजवळचे बिंदू एक धरा. या फंक्शनला एकूण नऊ बिंदू आहेत: चार मिनिमा, चार सॅडल (एका दिशेनं चढ, दुसऱ्या दिशेनं उतार), एक मॅक्सिमम (माथा). दहावा राहिला असेल का? दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह (ग्रेडियंटचे घटक) तिसऱ्या घाताचे, म्हणून सुटे छेदबिंदू फार तर ३ × ३. शिवाय दोन चलांचं फंक्शन सगळ्या दिशांना अनंताकडे चढत असेल आणि कुठल्याही स्थिर बिंदूवर हेसियन सिंग्युलर (डिटरमिनंट शून्य) नसेल, तर मिनिमांची संख्या वजा सॅडलची अधिक मॅक्सिमांची १ येते. ४ − ४ + १. मला हा पडताळा फार आवडतो. बेरीज जमली नाही तर काहीतरी नक्की निसटलंय.

वर्गीकरणात (कोणता बिंदू मिनिमम, कोणता सॅडल हे ठरवताना) मात्र तुमची खरी चूक आहे. हेसियन जवळच्या बिंदूंवरच्या किमतींच्या फरकांनी काढताना बिंदूंमधलं अंतर १०⁻⁸ घेतलंत. १८१ च्या आसपास डबल प्रिसिजनमधले (संगणकाच्या ६४ बिटांच्या आकड्यांमधले) शेजारचे दोन आकडे सुमारे २.८ × १०⁻¹⁴ अंतरावर असतात. त्याला अंतराच्या वर्गानं, म्हणजे १०⁻¹⁶ ने भागलं की २८४! म्हणून तुम्हाला कधी ०, कधी २८४ दिसतंय. माथ्यावर हेसियनच्या पहिल्या पदाची खरी किंमत −४४.८ आहे. अंतर १०⁻⁴ घ्या, नाहीतर सरळ सूत्र वापरा: कर्णावर १२क्ष² + ४य − ४२, १२य² + ४क्ष − २६, आणि तिरकस पद ४क्ष + ४य. (३, २) ला ७४, ३४, २० येतात, आयगेनव्हॅल्यू (मुख्य दिशांमधली वक्रता) ८२.३ आणि २५.७, दोन्ही धन, म्हणजे मिनिमम. चल दोनाहून जास्त असले तर नुसत्या डिटरमिनंटवर जाऊ नका, आयगेनव्हॅल्यूंची चिन्हंच बघा.

एखादी आयगेनव्हॅल्यू सर्वात मोठीच्या तुलनेत नगण्य निघाली तर निकाल देऊ नका. क्ष² + य⁴ आणि क्ष² − य⁴ यांचं (०, ०) वरचं हेसियन एकच आहे, पण पहिल्याला तिथे मिनिमम आहे, दुसऱ्याला सॅडल. अशा वेळी त्या आयगेनव्हॅल्यूच्या आयगेनव्हेक्टरच्या (तिच्या मुख्य दिशेच्या) दिशेनं थोडं पुढे-मागे जाऊन फंक्शनच्या किमती काढा.