93 टक्के संवाद शब्दांविनाच होतो, हे खरं का?

संवादाचे प्रकार किती आणि 93 टक्के संवाद शब्दांविना होतो हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. आधी टक्केवारीचं बघू, कारण प्रशिक्षणाच्या वर्गात ती सर्रास ठोकून दिली जाते.

1967 साली मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी केलेल्या दोन छोट्या प्रयोगांची ही जोडाजोड आहे. लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, एका प्रयोगात जोडीला चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी दिसते की नावड, तेवढंच विचारलं. त्यातून शब्द 7 टक्के, आवाज 38, चेहरा 55 असं सूत्र निघालं; आवाज आणि चेहरा मिळून ते 93. तोंडाने 'छान' आणि कपाळाला आठ्या असतील, तर लोक आठ्या खऱ्या मानतात, इतकंच. सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं खुद्द मेहराबियनच सांगतात. गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची, हे भुवया उडवून कसं सांगणार?

प्रकार म्हणाल तर तोंडी, लेखी, हावभाव, चित्रं-तक्ते. ऑफिसात औपचारिक-अनौपचारिक, वरिष्ठांकडून खाली, हाताखालच्यांकडून वर. परीक्षेपुरतं एवढं बास. कामाच्या जागी मी एकच बघतो: ऐकणाऱ्याला काय कळलं, ते बोलणाऱ्यापर्यंत परत येतं का? समोरासमोर ते चेहऱ्यावरच दिसतं. फोनवर चेहरा जातो, मेसेजमध्ये सूरही जातो.

हे परत येणं हुकलं की काय होतं, ते बघा. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. एका वैमानिकाने रेडिओवर 'आता टेकऑफला आहोत' अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. विमान तर धावू लागलं होतं. नियंत्रकाला वाटलं, ते उभं राहून परवानगीची वाट बघतंय. तो 'ओके' म्हणाला. पुढे 'थांबा, मी कळवतो' असंही म्हणाला, पण नेमकं त्याच क्षणी धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानातून कुणीतरी बोललं आणि पहिल्या विमानात नुसती शिट्टी ऐकू आली. दोन विमानांच्या त्या टकरीत 583 माणसं गेली. त्यानंतर रेडिओवरचे शब्द काटेकोर झाले, आणि नुसत्या 'ओके'वर न भागवता सूचना शब्दशः परत म्हणून दाखवण्यावर भर आला. शस्त्रक्रियेच्या वेळी औषधाचा डोस मोठ्याने परत म्हणतात, तोही त्यातलाच प्रकार.

तुमच्या कामात एवढं करून बघा. काम सांगितल्यावर 'कळलं ना?' विचारू नका. त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. 'मग आधी काय करणार?' असं विचारा. तारखा, आकडे, पत्ते लेखी द्या. नाराजी मात्र मेलवर नको, सरळ फोन लावा.