ध्यानाला बसलं की डोक्यात विचार अजूनच वाढतात, मग मन शांत करायला दुसरं काय करता येईल?

मग बसूच नका की! डोळे मिटून बसणं सगळ्यांना जमतंच असं नाही, मलाही जमत नाही, लगेच ऑफिसचे मेल आणि फ्लॅटचा हप्ता समोर नाचायला लागतात. मला फरक पडला तो सावकाश हालचालींनी, म्हणजे अंग हलवायचं आणि लक्ष त्या हलण्यावरच ठेवायचं.

मी पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या योगासनांच्या क्लासला जाते (ही पद्धत ज्यांची, ते गुरुजी बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, त्यांची इन्स्टिट्यूट १९७५ ची, त्यामुळे इथे या पद्धतीचे शिक्षक मिळतात). तिथलं ताडासन सांगते. नुसतं उभं राहायचं, त्यात काय एवढं असं वाटतं, पण मॅडम विचारत राहतात, वजन टाचेवर आहे का चवड्यावर, करंगळी टेकली का, खांदे कानाजवळ का गेलेत, जबडा सोडा, आणि तेव्हा कळतं की आपण सकाळपासून दातावर दात दाबून फिरतोय! पायाच्या करंगळीकडे लक्ष असताना बॉसवर चिडायला डोक्यात जागाच उरत नाही हो.

टेन्शनमध्ये स्नायू आखडतात, श्वास वरच्यावर चालतो, आणि शरीर असं आवळलेलं असलं की मनही सावध राहतं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून हालचाल करताना श्वास सोडणं थोडं लांबवायचं. सूर्यनमस्कार घालणार असाल तर मोजकेच घाला, सावकाश, प्रत्येक स्थितीत श्वास बघत. १०८ चा धडाका व्यायाम म्हणून छानच, पण तो वेगळा विषय. आणि कानात इअरफोन घालून करणार असाल तर राहू दे.

हां, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर याच्या भरवशावर स्वतःच्या मनाने बंद करू नका. फारच अस्वस्थ वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फ्री नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

क्लास नको असेल तर एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरची १९२० च्या दशकातली पद्धत आहे, फुकटात होते. आडवं पडायचं, पायाची बोटं पाचेक सेकंद आवळायची, मग एकदम सोडायची आणि सोडल्यावर काय वाटतं ते बघायचं, मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, असं कपाळापर्यंत. पेटके येत असतील तर जोर कमी लावा. आमचे हे पोटऱ्यांच्या पुढे कधी गेलेच नाहीत, तिथेच घोरायला लागतात.