ऑपरेशन नाही म्हणाले, म्हणजे हात टेकले का?

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं विडी ओढली. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून तपासलं तर 'स्मॉल सेल' कॅन्सर निघाला. पेट स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात गाठ आहे आणि छातीच्या मधोमधही गाठी आहेत. बाकी कुठे काही नाही, मेंदूचा एमआरआयही चांगला आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन नाही, किमो आणि रेडिएशन. काका म्हणतात, मोठ्या शहरात कापणारा डॉक्टर मिळेल. शेजारच्या काकांचं फुफ्फुसाच्या कॅन्सरचंच ऑपरेशन झालं, ते आज हिंडतायत. काय करावं?
– एक मुलगी, बार्शी

उत्तर : ताई, मी स्वतः छातीचा सर्जन आहे आणि तरीही सांगतो, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. शेजारच्या काकांचा रिपोर्ट बघा, बहुतेक त्यावर 'नॉन-स्मॉल सेल' असेल. नावात एका शब्दाचा फरक, पण आजार निराळा. स्मॉल सेल फार वेगाने वाढतो आणि गाठ दिसायच्या आधीच बहुतेकदा त्याच्या पेशी रक्तात उतरलेल्या असतात. मी गाठ काढेन, त्या पेशी कशा काढू?

हे आम्ही सर्जन सहजासहजी मानलं नाही. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात अशा १४४ रुग्णांवर तुलना झाली : निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना शेक, म्हणजे रेडिएशन. ऑपरेशनच्या गटातले सरासरी १९९ दिवस जगले, शेक घेतलेले ३०० दिवस. पुढे १९९४मध्ये आधी किमो देऊन मग ऑपरेशन करून पाहिल्याचा अभ्यास आला. त्यातही फायदा दिसला नाही.

मग ऑपरेशन कधीच नाही का? आहे, पण शंभरात जेमतेम पाच जणांना. गाठ लहान, एका बाजूला, आणि छातीच्या मधोमध असणाऱ्या ग्रंथी खरोखर स्वच्छ असतील तर. त्यासाठी नुसत्या स्कॅनवर विसंबत नाही, दुर्बिणीतून सुई घालून ग्रंथींचा तुकडा तपासतो. मी एका निवृत्त शिक्षकांच्या फुफ्फुसाची वरची पाळी, म्हणजे वरचा भाग, काढली होती, गाठ सुपारीएवढी होती. त्यांनाही नंतर किमोची चार सायकल, म्हणजे चार फेऱ्या, घ्यावीच लागली. तुमच्या वडिलांच्या मधल्या ग्रंथींत आजार पोचलेला दिसतो, म्हणून ते त्या पाचात बसत नाहीत.

पण हात टेकले असं मुळीच नाही. हा आजार औषधाला जेवढ्या लवकर दबतो तेवढे फार थोडे कॅन्सर दबतात. हाच आजार घेऊन माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं तोंड छातीतल्या गाठीच्या दाबाने रोज सकाळी सुजायचं, शर्टाचं गळ्याचं बटण लागत नव्हतं, रात्री बसूनच झोपायचे. पहिल्या किमोनंतर दहाव्या दिवशी ते गळ्यापर्यंत बटण लावून आले आणि ते मला हाताने दाखवत राहिले.

खोटी आशाही देत नाही. आजार उलटतो, पुष्कळांत उलटतो. पण छातीपुरता मर्यादित असताना किमो आणि शेक एकत्र, वेळेत पूर्ण केले तर साधारण चारांतला एक जण पाच वर्षांपुढे जातो. तुमचे वडील आज त्याच टप्प्यावर आहेत. सर्जन शोधण्यात महिना गेला तर कदाचित या टप्प्यावर नसतील, मला भीती तीच वाटते. दुसरं मत हवंच असेल तर रिपोर्ट आणि स्लाइड घेऊन याच आठवड्यात कॅन्सरतज्ज्ञांकडे जा. वडिलांना सोबत नेऊन ताटकळत बसवू नका.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. शेक पहिल्या किंवा दुसऱ्या सायकलबरोबरच सुरू होईल ना? आजार मेंदूत जाऊ नये म्हणून नंतर मेंदूला शेक द्यायचा, की ठरावीक काळाने एमआरआय करत राहायचं? आणि हे संपल्यावर ड्युरव्हॅलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, इंजेक्शन त्यांना चालेल का? २०२४मध्ये त्याचे चांगले निकाल आले, पण खर्च मोठा आहे, तेव्हा कुठल्या योजनेतून मदत मिळते तेही तिथेच विचारा.

विडी आजच बंद. चालू राहिली तर उपचारांचा गुण कमी येतो. आणि वडील अचानक असंबद्ध बोलू लागले, फार पेंगू लागले, तर अशक्तपणा समजून घरी ठेवू नका. या आजारात रक्तातलं सोडियम उतरू शकतं. रात्र असली तरी दवाखान्यात न्या.