अल्पायुषी कोण, ट्रिप्स की त्याची कारकीर्द?

प्रश्न असा आला आहे : जर्मन मोटारशर्यतपटू वोल्फगांग फॉन ट्रिप्स याच्यावर लेख लिहिताना 'अल्पायुषी कारकीर्द' म्हणावं, 'अल्प कारकीर्द' म्हणावं, की सरळ 'छोटं करिअर'? आणि 'कारकीर्द' हा शब्द 'करिअर'वरूनच आला, हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. नाही, नाही आणि नाही. इंग्रजी इथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी दरबारात कारकिर्दी होत होत्या. शब्द फारसी आहे. कार म्हणजे काम; कारकून, कारखाना, कारागीर यांत दिसतो तोच. कीर्द हे 'करणे' या क्रियापदाचं भूतकाळी रूप. झालेलं काम, केलेला कारभार, म्हणून राज्य करण्याचा काळ, एवढा त्याचा सरळ प्रवास.

काही संस्कृताभिमानी मंडळी 'कार्यकीर्ती'चा अपभ्रंश म्हणून तो सांगतात. हे म्हणजे नातं ओळखायचं आणि माणूस चुकवायचा. नातं आहे, पण कीर्तीशी नाही, 'कृ' धातूशी. फारसीतला 'कार' आणि आपला 'कृ' एकाच घरचे, आणि फारसीतलं 'कर्द' म्हणजे आपल्या 'कृत'चा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे कारकीर्द या एका शब्दात 'कृ' दोनदा येऊन बसला आहे. इतकी सुंदर गोष्ट समोर असताना कीर्तीला ओढून आणायची गरजच काय?

माझा मुद्दा याच्याही पुढचा आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांना रोजकीर्द आणि खतावणी शिकवतात. व्यवहार ज्या दिवशी झाला त्या दिवशी, झाला त्या क्रमाने जिथे उतरवतात ती कीर्द. मग खात्यांप्रमाणे तो जिथे मांडतात ती खतावणी. ही कीर्द आणि कारकिर्दीतली कीर्द एकच, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कारकीर्द म्हणजे कामाची कीर्द. ती वर्षांनी मोजायची नाही, नोंदींनी वाचायची.

ट्रिप्सची तशी वाचून बघा. जन्म 1928, कोलोनजवळच्या सरदार घराण्यातला. 1957 साली अर्जेंटिनात फेरारीकडून फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेतली पहिली शर्यत, त्याच वर्षी इटलीत मोंझाला तिसरा. मधली वर्षं फेरारी, पोर्शे, पुन्हा फेरारी अशी गेली, त्यांवर थांबायला नको. पान उघडायचं ते 1961चं. मोनॅको, चौथा : 3 गुण. नेदरलँड्समधलं झांडफोर्ट, पहिला : 9 गुण, जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत जर्मन चालक जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी सुटलेल्या पंधराच्या पंधरा गाड्या शेवटपर्यंत धावल्या आणि एकही दुरुस्तीला थांबली नाही. त्या काळात हे नवलच. बेल्जियममधलं स्पा, दुसरा : 6. फ्रान्स : शून्य. इंग्लंडमधलं एन्ट्री हे गाव, पावसात, पहिला : 9. न्यूर्बुर्गरिंग, घरच्या प्रेक्षकांसमोर दुसरा : 6. बेरीज 33. संघातला सहकारी आणि प्रतिस्पर्धी फिल हिल 29 वर.

10 सप्टेंबर 1961ला मोंझाला ट्रिप्स सर्वांत पुढच्या जागेवरून सुटला. दुसऱ्याच फेरीत पाराबोलिका वळणाच्या अलीकडे जिम क्लार्क या चालकाच्या लोटस गाडीशी धक्का लागला आणि गाडी बांधावर चढून प्रेक्षकांच्या कुंपणावर गेली. ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक ठार झाले. शर्यत हिलने जिंकली. सर्वोत्तम पाच निकालच धरायचा नियम होता, म्हणून त्याचे 38 न होता 34 झाले आणि एका गुणाने तो जगज्जेता ठरला. ट्रिप्सच्या नावावर 33 तसेच राहिले. वयही तेवढंच, 33.

आता सांगा, यात 'अल्पायुषी' काय आहे? आयुष्य माणसाला असतं. अल्पायुषी ट्रिप्स होता. त्याची कीर्द कोणी फाडलेली नाही, ती आजही वाचता येते. वर्तमानपत्रांत हल्ली सरकारं, योजना, मालिका सगळंच अल्पायुषी होतं. निदान कारकिर्दीला तरी त्यातून वगळा.

'करिअर'ला मात्र मी इथे नाकं मुरडणार नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. लॅटिन 'कार्रुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाडीवाट, आणि फ्रेंचमध्ये 'कारिएर' म्हणजे शर्यतीचं मैदान. इंग्रजीने तो शब्द घेतला तो याच अर्थाने. आयुष्याचा व्यवसाय हा अर्थ फार उशिरा चिकटला. मोटारीची 'कार'ही त्याच गाड्याची नात. जर्मनमध्ये 'कारिएर' हा शब्द आजही घोड्याच्या भरधाव चालीला वापरतात. बँकेतल्या किंवा सरकारी नोकरीला करिअर म्हणणं ही दूरची लक्षणा. शर्यतीच्या चालकाला तो शब्द मूळ अर्थानेच लागतो. तेव्हा 'ट्रिप्सचं करिअर' म्हणालात तर हरकत नाही, फक्त कारकीर्द ही त्याची मुलगी आहे असं सांगू नका.

लेखात 'वॉन ट्रिप्स' लिहू नका, जर्मन व्ही इथे 'फ' आहे : फॉन. ट्रिप्स हे ठिकाणाचं नाव, म्हणजे आपल्याकडे तो ट्रिप्सकर झाला असता. नावात मध्ये येणारा 'ग्राफ' हा सरदारकीचा किताब. 1919नंतर जर्मनीत असे किताब आडनावाचा भाग झाले, आपल्याकडे हुद्द्यांचे देशमुख-कुलकर्णी झाले तसे. त्यामुळे ग्राफला वडिलांचं नाव समजून 'वोल्फगांग जी. ट्रिप्स' असं आखडू नका. आणि कारकीर्द लिहिताना की दीर्घ, कारकिर्दीत मात्र ऱ्हस्व.