तुलना वजाबाकीनं करायची की भागाकारानं?

भाऊ, दोन्ही बरोबर हाये, फक्त तुम्हाला काय पाहायचं ते आधी ठरवा. समजा तुमच्या वावरात एकरी 8 क्विंटल कापूस झाला अन् शेजारच्याच्या 6, तर वजाबाकीनं फरक 2 क्विंटल, पैशाचा हिशेब यानंच लागते, पण भागलं की 8:6 म्हणजे 4:3, हे झालं गुणोत्तर, त्याला क्विंटल-किलो काही लागत नाही. घोळ होते तो टक्केवारीत. तुमचा कापूस त्याच्यापेक्षा 33.33 टक्के जास्त, पण त्याचा तुमच्यापेक्षा 25 टक्केच कमी, कारण पहिल्यात 6 नं भागलं अन् दुसऱ्यात 8 नं, पोरांचे मार्क इथंच जातात, म्हणून वाक्यात ज्याला "पेक्षा" लागते त्याच आकड्यानं भागायचं. अन् "तिप्पट" लिहा, "तीनपटीनं जास्त" नका लिहू, कोणी 3 पट समजते कोणी 4 पट, हे मले मनापासून खटकते. < > मध्ये उघडी बाजू मोठ्या संख्येकडं, ही चिन्हं इंग्रज गणिती थॉमस हॅरियटच्या 1631 च्या पुस्तकात छापून आली, = मात्र त्याआधीचं, 1557 चं. एक माप किलोत अन् दुसरं क्विंटलमध्ये असलं तर आधी सारखं करून घ्या, 1 क्विंटल म्हणजे 100 किलो.