व्हायरल रिपोर्ट निगेटिव्ह, तरी कावीळ: चाटच्या पाल्याबद्दल डॉक्टरांना सांगा

ताई, भावाचे रिपोर्ट वाचले. इथिओपियात दिरे दावाला नोकरी, रोज दुपारी सहकाऱ्यांबरोबर चाटचा (म्हणजे खात या झुडपाचा, तरतरीसाठी चघळायचा) पाला, आता डोळे पिवळे, यकृताला इजा दाखवणारं एसजीपीटी हजाराच्या वर. हिपॅटायटिसच्या चारही तपासण्या निगेटिव्ह, दारू नाही. "अख्खं गाव खातं, पाल्यानं काय होतंय?" हे त्याचं म्हणणं हरारला मेडिकल कॉलेजात शिकवताना मी पेशंटांकडून सतत ऐकलंय.

होतं, ताई. हरारलाच 2015-16 मध्ये यकृताच्या जुनाट आजाराचे 150 रुग्ण आणि तो आजार नसलेले 300 जण यांची तुलना झाली. चाट जितका जास्त खाल्लेला, तितका धोका जास्त निघाला. लंडनच्या डॉक्टरांनीही 2010 मध्ये चाट खाणाऱ्या रुग्णांत यकृत अचानक निकामी झाल्याचं नोंदवलंय.

हरारजवळच्या अवदाय गावच्या बाजारात सकाळी लालसर कोवळ्या शेंड्यांच्या जुड्या येतात. त्यातलं कॅथिनोन हे तरतरी आणणारं द्रव्य पाला तोडल्यावर एक-दोन दिवसांत उतरतं, म्हणून ताज्या पाल्यासाठी झुंबड. तो तासन्‌तास गालात धरून रस गिळायचा. सगळा दोष कीटकनाशकाच्या फवारणीला देऊन "धुऊन खातो" म्हणणारे भेटतात, पण पाला धुतल्यानं कॅथिनोन जात नाही.

रक्तातली एएनए ही अँटीबॉडी तपासणी पॉझिटिव्ह आल्यामुळे "ऑटोइम्यून" (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते असा आजार) असं लिहिलंय. चाटनं होणारी यकृताची सूज हुबेहूब तशीच दिसते, म्हणून डॉक्टरांना पाल्याचं स्पष्ट सांगा. लाज वाटून लपवलं तर निदान चुकेल. स्टिरॉइड द्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. सोनोग्राफीत यकृतात गाठींसारखं काही दिसलं तर कच्च्या पाल्यातून जाणाऱ्या लिव्हर फ्ल्यूक जंताचाही विचार व्हावा.

पाला कायमचा बंद. बरं वाटल्यावर पुन्हा खाल्ला की कावीळ उलटते, आणि दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. घरचे काविळीचं गावठी औषध आणतील, गुळवेलीचा काढा देतील. नको! गुळवेल घेणाऱ्यांत याच प्रकारची सूज मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवली आहे. पॅरासिटामॉलही विचारल्याशिवाय नको.

सोडल्यावर काही दिवस सुस्ती, उदासी, वाईट स्वप्नं येतात. पण कावीळ असताना "पाला सोडलाय म्हणून झोपतोय" असं धरून चालू नका. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआर तपासणी आजच करा. आयएनआर वाढलेला असेल, किंवा भाऊ दिवसा झोपून रात्री जागा राहत असेल, बरळत असेल, तर लगेच यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या.