गॅस तपासणीसाठी भाडेकरू दार उघडत नसेल तर

इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच घर भाड्याने दिलंय ना? मग किल्ली खिशात असली तरी परस्पर आत शिरू नका. गॅसची तपासणी दर 12 महिन्यांनी करावीच लागते. मुदतीच्या 2 महिने आधीपर्यंत उरकली तरी पुढच्या वर्षीची मुदत मूळ तारखेलाच राहते. म्हणून लवकर हालचाल करा. किमान 24 तास आधी लेखी कळवा, दोन-तीन वेगवेगळ्या वेळा सुचवा. माझी एक भाडेकरू रात्रपाळीची नर्स होती आणि मी सकाळी 9 वाजता बेल वाजवत बसायचो, माझंच डोकं फिरलेलं! संध्याकाळची वेळ दिली, तर तिने चहासुद्धा विचारला. वेळ बदलूनही तुमच्या भाडेकरूचा नकारच आला, तर प्रत्येक मेसेज तारखेसकट जपा. कुलूप मात्र तोडू नका, त्यासाठी कोर्ट आहे.